वाकडं अंगण, घरपोच

फायटिंग गेममध्ये हरलेल्या माणसाची नजर सगळ्यांत आधी हातातल्या वस्तूकडे जाते. हातात गेमपॅड असेल तर तो अंगठा पँटला पुसतो, पॅड उलटासुलटा करून बघतो आणि म्हणतो, ‘‘मी दाबलं होतं.’’ हातात आर्केड स्टिक असेल तर तिची दांडी दोनदा गरगर फिरवतो, कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, ‘‘तिरकी दिशा लागत नाहीये.’’ जिंकलेला माणूस अशा वेळी फार समजूतदार असतो. तो मान हलवतो. त्याच रात्री हरलेला माणूस किमती बघायला लागतो. पॅडवाला स्टिकच्या बघतो, स्टिकवाला पॅडच्या.

ज्यांच्या घरात हा प्रश्न अजून शिरलेला नाही अशा सुखी कुटुंबांसाठी थोडी ओळख करून द्यायला हवी. फायटिंग गेम म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहून एक जण आडवा होईपर्यंत एकमेकांना बदडायचं. ‘स्ट्रीट फायटर’, ‘टेकन’, ‘किंग ऑफ फायटर्स’ ही त्यातली मोठी घराणी. गेमपॅड सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो दोन्ही तळव्यांत मावतो, सोफ्यावर लोळून चालतो आणि घरातल्या लहान मुलांच्या हाताला लगेच सापडतो. आर्केड स्टिक ही जवळपास दीड फूट लांबीची, अडीच-तीन किलोची पेटी. डावीकडे गोल बोंडाची दांडी, उजवीकडे दोन ओळींत आठ बटणं. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या जुन्या मशीनचा पुढचा भाग कापून घरी आणला तर जे दिसेल तेच.

पार्लरच्या काळात हा प्रश्नच नव्हता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे थिएटरच्या बोळात आणि एसटी स्टँडच्या आसपास व्हिडिओ गेमची दुकानं निघाली. आत अंधार, चार-पाच मशीनं आणि गल्ल्यावर सुटे पैसे मोजत बसलेला मालक. मशीनला जी दांडी असेल ती आपली. अगोदरच्या पिढ्यांनी ती पिळून सैल केलेली असायची आणि एखादं बटण आत गेलं की परत वर येताना विचार करायचं. जिंकेल तो उभा राहणार, हरेल त्यानं पुन्हा नाणं टाकायचं, हा नियम. ‘‘डावीकडची दांडी ढिली आहे,’’ हे कारण तेव्हाही होतं. पण ते सार्वजनिक होतं, कुणीही वापरावं. मालकाला सांगितलं तर तो म्हणायचा, ‘‘खेळायचं तर खेळ, नाहीतर मागे रांग आहे.’’ (ज्याला आपण सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचो तो ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ या जातीत मोडत नाही. त्यात सगळे मिळून गुंडांना मारतात. शिवाय त्यात हरलं तर मित्रावर ढकलता यायचं, त्यामुळे उपकरणाचा वाद निघालाच नाही.)

मुळात ‘स्ट्रीट फायटर’ काढणाऱ्या कॅपकॉमवाल्यांचा सुरुवातीचा विचार याहून रांगडा होता. १९८७ साली पहिला ‘स्ट्रीट फायटर’ आला तेव्हा त्याच्या एका मशीनवर ठोशासाठी एक आणि लाथेसाठी एक अशी दोनच मोठी बटणं होती. जितक्या जोरात हाणाल तितका पडद्यावरचा फटका जोरदार. कल्पना तर्काला धरून होती, फक्त माणसाचा स्वभाव हिशोबात धरलेला नव्हता. सौम्य फटका कोण मारणार? लोकांचे हात दुखू लागले, मशीनं मोडू लागली आणि मग कंपनीनं सहा साधी बटणं दिली : हलका, मध्यम आणि जोराचा ठोसा, तशाच तीन लाथा. १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ हीच सहा बटणं घेऊन जगभर गेला.

पॅडचा जन्म याहून शांत. निन्टेंडोच्या गुनपेई योकोईंना १९८२ साली ‘डाँकी काँग’चा खेळ मिटून खिशात ठेवता येईल अशा छोट्या यंत्रात बसवायचा होता. दांडी ठेवली तर यंत्र मिटणार कसं? म्हणून त्यांनी दांडी काढली आणि अधिकच्या चिन्हासारखं एक चपटं बटण बसवलं. आज अंगठ्याला फोड आल्याची तक्रार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो अंगठा मूळ योजनेत खिशाच्या सोयीसाठी कामाला लावला होता. त्यानं ‘स्ट्रीट फायटर’मधल्या र्‍यूची हदोकेन मारावी, म्हणजे खाली, तिरपं खाली-पुढे, मग पुढे आणि लगेच ठोसा, आणि ते दर दोन सेकंदांनी मारावं, अशी अपेक्षा कुणीच ठेवलेली नव्हती. झँगिएफ नावाच्या रशियन पैलवानाची मुख्य उचल तर पूर्ण गोल फिरवून निघते. दांडीवर ती फिरकी आहे. पॅडवर ती अंगठ्याची प्रदक्षिणा होते आणि वरची दिशा लागली की झँगिएफ पकडायच्या ऐवजी उडी मारतो. एवढा अवाढव्य माणूस विनाकारण हवेत गेला की ओळखावं, पलीकडे पॅड आहे.

निवडीची कटकट खरी सुरू झाली ती माणसं खेळायला येताना आपापलं हत्यार घेऊन येऊ लागली तेव्हा. अमेरिकेतली ‘इव्हो’ ही या खेळाची सर्वांत मोठी जत्रा. २००४ मध्ये त्यांनी पार्लरची मशीनं काढून घरगुती कन्सोल लावले आणि जो तो घरून पेटी घेऊन आला. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. आणि नेमक्या त्याच वर्षी या खेळातला सर्वांत गाजलेला प्रसंग घडला. जपानच्या दाइगो उमेहाराच्या पात्रात, केनमध्ये, जीव म्हणावा असा काही उरला नव्हता; नुसता बचाव केला असता तरी तो मेला असता. अमेरिकेच्या जस्टिन वाँगच्या चुन-लीनं पंधरा फटक्यांचा महाहल्ला सोडला. ते खेळत होते त्या ‘थर्ड स्ट्राइक’मध्ये फटका अंगावर येईल त्या क्षणी दांडी पुढे टेकवली तर तो वाया जातो. दाइगोनं पंधराच्या पंधरा वाया घालवले आणि वर वाँगला हरवलं. सभागृहात लोक खुर्च्यांवरून उठून ओरडत होते. त्या चित्रफितीनं जगभर किती स्टिका खपल्या असतील याचा हिशोब नाही, पण ती पाहून स्टिक घेतलेल्या लोकांनी त्यावर किती वेळा सलग पंधरा फटके अडवले, तो हिशोब सोपा आहे.

मग २००९ आलं. ‘स्ट्रीट फायटर ४’ घरगुती कन्सोलवर आला आणि त्याच्यासोबत मॅड कॅट्झ कंपनीनं १५० डॉलरची स्टिक काढली. आत जपानच्या सान्वा कंपनीचे सुटे भाग, म्हणजे खुद्द जपानी पार्लरमध्ये असतात तेच. आता माणूस म्हणू शकत होता, ‘‘दाइगोचं जे, तेच माझं.’’ मॅड कॅट्झनं २०१७ मध्ये दिवाळं काढलं, पण तोवर रोग पसरलेला होता.

स्टिक घेणारा माणूस खरं म्हणजे काय विकत घेतो, याबद्दल माझं एक मत आहे. तो मुदत विकत घेतो. पॅडवर हरलात तर हरलात, लहानपणापासून तो हातात आहे. स्टिक घेतली की पुढचं वर्षभर कुणी विचारलं तर सांगता येतं, ‘‘अजून हात बसतोय.’’ हे वाक्य फार मोलाचं आहे. हरणं तेच, पण त्याला अभ्यासाचं वजन येतं. पंधरा-वीस हजारांत इतकी मुदत कुठलीही बँक देणार नाही.

अर्थात हे घरच्यांना पटवायचं असतं. एका मित्राच्या घरी कुरिअर आलं तेव्हा मी तिथे होतो. त्याच्या बायकोनं खोकं दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं.

‘‘यात आहे तरी काय?’’

‘‘एक दांडी आणि आठ बटणं.’’

‘‘आणि आपल्याकडे आहे त्यात?’’

‘‘दोन दांड्या, चार बाण आणि… बारा-तेरा बटणं असतील.’’

‘‘तो केवढ्याला?’’

‘‘पाच-सहा हजार.’’

‘‘म्हणजे बटणं कमी झाली आणि पैसे तिप्पट.’’

यावर मित्रानं सूक्ष्म खटक्यांचं आयुष्य, स्प्रिंगचा ताण असं बरंच काही सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. शिक्षिका आहे, मुलांची कारणं शेवटपर्यंत ऐकायची सवय आहे.

स्टिक घरात आली की पहिला प्रश्न ती ठेवायची कुठे. टेबलावर ठेवली तर हात उंच जातात, सोफ्यावर बसून मांडीवर घेतली तर ती घसरते. एका बाबतीत मात्र आपण अमेरिकनांच्या पुढे आहोत. आपल्याला मांडी घालता येते, आणि घातलेल्या मांडीवर ती चपखल बसते. तीन किलो वजन अर्धा तास ठेवल्यावर पायांना मुंग्या येतात, पण तेव्हा हरायचं आणखी एक कारण आपोआप तयार होतं.

दुसरा प्रश्न दांडी धरायची कशी. वरून मूठ वळून धरणारे वेगळे आणि तळहात वर करून दांडीचा देठ बोटांच्या मधे घेणारे वेगळे. या दुसऱ्या पद्धतीला चक्क ‘वाइन ग्लास पकड’ म्हणतात. ज्यानं आयुष्यात ताकाच्या पेल्यापलीकडे काही धरलेलं नाही असा मनुष्यही महिनाभरात सांगायला लागतो की, मी वाइन पकडीवर आलो.

तिसरा प्रश्न आवाजाचा, आणि तो खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा आहे. पॅडवर खेळणारा नवरा रात्री एकला चोरासारखा खेळू शकतो. दांडीच्या खाली चार दिशांना चार छोटे खटके असतात आणि प्रत्येक हालचालीला ते वाजतात. त्यात बटणांचा ताशा मिसळतो. आवाज न करणारे भाग मिळतात, पण ते वेगळे घ्यावे लागतात आणि घेतल्यावर पुष्कळ लोक म्हणतात की, आवाज नसल्यानं दाबलं गेलं की नाही तेच कळत नाही. म्हणजे हरायचं कारण इथेही आहेच. फक्त खालच्या मजल्यावर ऐकू येत नाही.

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्या कुणी केली, त्याच्या काळी अंगण बदलून मिळत नव्हतं. इथे मिळतं. दांडीच्या तळाशी एक पट्टी असते, तिच्या भोकाच्या आकारात दांडी फिरते. जपानी स्टिकमध्ये हे भोक साधारणपणे चौकोनी येतं. चार कोपरे म्हणजे चार तिरक्या दिशा. नवशिक्याची दांडी कोपऱ्यात जाऊन अडकते आणि तो कळवळून म्हणतो की, अंगण चौकोनी आहे. मग तो अष्टकोनी मागवतो. तळाचं झाकण उघडायचं, जुनी पट्टी उचकटून काढायची, नवी दाबून बसवायची. दहा मिनिटांचं काम. आता आठही दिशांना खाच लागते आणि नाच तसाच राहतो. जुने खेळाडू सांगतात की, दांडी कडेला घासत न्यायचीच नसते, मधल्या मधे फिरवायची असते. पण हा सल्ला फुकट असल्यामुळे त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही.

कोरियन लोकांचं आणखी निराळं. त्यांच्या दांडीत मधे आणायला स्प्रिंगच्या जागी रबराचा घट्ट गोळा असतो, त्यामुळे ती हात सोडताच जागेवर येते. ‘टेकन’मध्ये मागे-मागे सरकत जायची एक अवघड युक्ती आहे, तिला ‘कोरियन बॅकडॅश’ असंच नाव आहे. हे कळल्यावर आपल्याकडच्या माणसाला एकच गोष्ट समजते : आपल्याकडे रबर नाही.

यात अंकगणितही येतं. हे खेळ सेकंदाला साठ चित्रांच्या वेगानं चालतात, म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांचं. कुठलं उपकरण किती मिलिसेकंद उशिरा संदेश देतं याचे तक्ते लोक तोंडपाठ म्हणतात. पडद्यावर काही हललं आणि बोटानं त्याला उत्तर दिलं, यात तरुण माणसाचेही दोनशेच्या वर मिलिसेकंद जातात. म्हणजे डझनभर चित्रं निघून गेलेली असतात. समोरच्यानं उडी मारलेली आहे हे ज्याला तो खाली उतरून लाथ घालेपर्यंत दिसत नाही, तो मनुष्य तीन मिलिसेकंदांसाठी नवीन पेटी शोधत असतो.

आणि मग या सगळ्या वादात कुणीतरी लुफीचं नाव काढतं. २०१४ साली लास वेगासच्या इव्होमध्ये ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’चं अजिंक्यपद या फ्रेंच खेळाडूनं जिंकलं. अंतिम सामन्यात समोर जपानचा बॉनचान होता. लुफीच्या हातात काय होतं? पहिल्या प्लेस्टेशनचा मूळ पॅड. ज्याला वरच्या दोन छोट्या दांड्यासुद्धा नव्हत्या तो करडा, नव्वदच्या दशकातला, अडगळीच्या खोक्यात सापडतो तसला. वर त्यानं पात्र निवडलं होतं रोझ, जिला फार कुणी हात लावत नव्हतं.

यानंतर पॅड की स्टिक हा वाद मिटायला हवा होता. झालं असं की, लोक तो जुना पॅड शोधायला लागले.

२०१९ मध्ये लाहोरच्या अर्सलान अॅशनं ‘टेकन ७’मध्ये इव्हो जपान जिंकली आणि त्याच वर्षी लास वेगासची इव्होही. आमच्याकडे असे बरेच आहेत, असं तो सांगत होता. कोरियाचा नामांकित खेळाडू ‘नी’ खातरजमा करायला स्वतः पाकिस्तानात गेला आणि तिथल्या बऱ्याच जणांकडून मार खाऊन आला. सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हाला या बातमीनं खरं तर विचारात पाडायला हवं होतं. तिकडचीही दुकानं तशीच अंधारी, तिकडच्याही दांड्या ढिल्या, मग हे झालं कसं? माझ्या भाच्याला मी ही सगळी हकिकत रंगवून सांगितली. तो शांतपणे ऐकून म्हणाला, ‘‘मामा, तो वापरतो काय?’’

भाचा एकवीस वर्षांचा आहे आणि त्याच्या लेखी पॅड आणि स्टिक हे दोन्ही पक्ष म्हातारे झाले. त्याच्याकडे तिसराच प्रकार आहे : लीव्हरलेस. पेटी तशीच, पण दांडीच काढून टाकलेली. डावीकडे, खाली आणि उजवीकडे जायला तीन बटणं, उडी मारायला अंगठ्याखाली एक मोठं बटण. दिशा द्यायला दांडीला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावं लागतं. बोट आधीच बटणावर बसलेलं असतं. तर्क बिनतोड आहे. माझ्या मित्राच्या बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे आता एक दांडी होती तीही नाही. आणि पैसे?’’

या प्रकारानं एक मोठा घोळ घातला. दांडी एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकते, बटणं मात्र दोन्ही बाजूंची एकदम दाबता येतात. आता गाइलसारख्या पात्राला मागे रेटून ठेवून मग पुढे करून हल्ला सोडावा लागतो. मागचं बटण न सोडता पुढचं दाबलं तर गाइल कुठे गेला? हे पेटीच्या आतल्या सर्किटला जे सांगून ठेवलं असेल त्यावर ठरतं. २०१९ मध्ये खुद्द दाइगो असली पेटी घेऊन उतरला आणि कॅपकॉमनं आपल्या स्पर्धांत ती चालणार नाही असं सांगितलं. पुढे ‘स्ट्रीट फायटर ६’च्या वेळी नियम झाला की, दोन उलट्या दिशा एकदम दाबल्या तर कुठलीच दिशा धरायची नाही. गाइलनं जागेवर उभं राहायचं. आपल्या सोसायटीच्या सभेत दोन ठराव एकदम आले की हेच होतं, पण तिथे आठ वर्षं लागतात.

शेवटी कॅपकॉमच कंटाळली असावी. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये ‘मॉडर्न’ नावाची पद्धत आहे. एक बटण दाबलं की हदोकेन. खाली नाही, तिरपं नाही, पुढे नाही. थोडं कमी लागतं, पण हमखास निघतं. तीस वर्षं ज्यासाठी अंगठे सोलले, चौकोन उचकटून अष्टकोन बसवले, ते एका टिचकीवर. जुन्या मंडळींना हे अधर्म वाटतं. मी पॅडवाला, मला चालतं. पण भाच्यानं माझ्याशी मॉडर्न घेऊन खेळायला नकार दिला. म्हणाला, ‘‘त्यात हरलो तर सांगू काय?’’

जुन्या स्टिकांचा बाजार म्हणूनच कायम भरलेला असतो, आणि तिथली प्रत्येक स्टिक नव्यासारखी असते. परवा भाच्याची जुनी स्टिक घ्यायला एक जण आला होता, डोंबिवलीहून. पेटी त्यानं मांडीवर घेऊन पाहिली, दांडी फिरवली, कान दिला.

‘‘दादा, विकताय का पण? काही प्रॉब्लेम?’’

‘‘प्रॉब्लेम काही नाही. लीव्हरलेस घेतलं.’’

‘‘मी पॅडवर खेळतो हो. अंगठा फार दुखतो, म्हणून म्हटलं स्टिक बघू.’’

‘‘मग बिनधास्त घ्या. अंगठा अजिबात दुखणार नाही.’’

‘‘नक्की? मग काय दुखतं?’’

‘‘मनगट,’’ भाचा म्हणाला, आणि न मागता पाचशे रुपये कमी केले.